वन्यप्राण्यांच्या आढळाचे सर्वेक्षण: नकाशावरच्या कोऱ्या जागांचे काय करायचे?

माळवाट (धागाकर्ता)

महाराष्ट्रातल्या एखाद्या प्राण्याचा आढळ दाखवणारा नकाशा पाहिला, की त्यावरील ठिपक्यांपेक्षा मधल्या कोऱ्या जागांची मला अधिक काळजी वाटते. ठिपका आहे तेथे तो प्राणी कोणीतरी पाहिला, एवढे तरी कळते. कोऱ्या जागेचे मात्र तीन अर्थ असू शकतात: तेथे कोणी गेलेच नाही, किंवा गेले पण चुकीच्या ऋतूत वा चुकीच्या वेळी गेले, किंवा नीट शोध घेऊनही काही आढळले नाही. यांपैकी तिसरा अर्थ खरा असेल तर अधिवासात काय बिघडले हे तपासावे लागते, आणि पहिला खरा असेल तर फक्त तेथपर्यंत पोहोचण्याची गरज असते. असे असूनही माझ्या वाचनात आलेल्या अनेक स्थानिक अहवालांत काय दिसले याची लांबलचक यादी असते. किती अंतर चालले, कोणत्या वेळी चालले आणि कोठे काहीच मिळाले नाही, हे नसते.

रानपिंगळ्याचे उदाहरण येथे अनेकांना ठाऊक असेल, पण या दृष्टीने ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहान घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. संग्रहालयांत जमलेले नमुने मोजकेच होते आणि शेवटचा खरा नमुना १८८४ मधला, खानदेशातला. त्यानंतरचा म्हणून जो नमुना मानला जात होता तो रिचर्ड माइनर्टझहेगन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाकडचा. तो १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवीजवळ मिळाल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षी-अभ्यासकांनी तो तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना असून त्याला खोटी चिठ्ठी जोडलेली आहे, हे उघड झाले. ती नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलात हा पक्षी दिसला. पुढे मेळघाटात आणि मध्य प्रदेशात त्याच्या नोंदी झाल्या, आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यातही तो सापडला.

या प्रकरणातून मला दोन गोष्टी दिसतात. एक खोटी ठिकाण-नोंद पुढच्या कित्येक वर्षांच्या शोधाची दिशा चुकवू शकते, म्हणून प्रत्येक नोंदीमागे पुरावा आणि नोंदकर्त्याची ओळख हवी. दुसरी गोष्ट अशी, की रानपिंगळा दिवसा वावरणारे घुबड आहे. घुबड म्हणून केवळ रात्री फिरून त्याचे सर्वेक्षण केले, तर 'आढळला नाही' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

आमचा छोटा गट सध्या पश्चिम महाराष्ट्रातील कमी पावसाच्या, माळरानांच्या एका तालुक्यात लांडगा, तरस, खोकड आणि चिंकारा यांच्या आढळाचे सर्वेक्षण आखत आहे. संपूर्ण तालुक्यावर चौकटींचे जाळे टाकून, त्यातल्या काही चौकटी चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, प्रत्येक चौकटीत पायवाटा, बैलगाडीच्या वाटा आणि ओढ्यांची वाळू धरून चालायचे आणि दर किलोमीटरला ठसे, विष्ठा, बिळे व प्रत्यक्ष दर्शन यांची नोंद करायची, असा बेत आहे. काही मिळाले नाही तरी त्या किलोमीटरचा तक्ता पूर्ण भरायचा, हा आमचा पहिला नियम आहे. चौकट केवढी असावी, किती फेऱ्या कराव्यात आणि अधिवासाची मोजणी किती खोलात करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे अशी विनंती आहे.

संख्याविचार

धागा महत्त्वाचा आहे. फेऱ्यांच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक स्वयंसेवी सर्वेक्षणे येथेच अडतात.

समजा, एका चौकटीत खोकड आहे आणि एका फेरीत त्याची खूण नजरेस पडण्याची शक्यता ३० टक्के आहे. म्हणजे एकाच फेरीनंतर ते सुटून जाण्याची शक्यता ७० टक्के आहे. चार स्वतंत्र फेऱ्या केल्या तर ती सुमारे २४ टक्क्यांवर येते, आणि आठ फेऱ्यांनंतर सुमारे ६ टक्के उरते. शंभर चौकटींपैकी साठमध्ये खोकड खरोखर असेल आणि प्रत्येक चौकटीत एकदाच जाऊन आलात, तर साधारण अठरा चौकटींतच ते 'आढळेल'. अहवालात मग तालुक्याच्या १८ टक्के भागात खोकड असल्याचे लिहिले जाईल, आणि प्रत्यक्षात ते ६० टक्के भागात असेल. हा फरक प्राण्याच्या संख्येतला नाही, तो आपल्या शोधातला आहे.

यावरचा उपाय म्हणजे फेऱ्यांच्या निकालांची ओळच्या ओळ जपून ठेवणे: पहिल्या फेरीत नाही, दुसऱ्या फेरीत आहे, तिसऱ्या फेरीत नाही. या ओळींवरूनच 'हजर असून न दिसण्याची' शक्यता काढता येते आणि तिच्या आधाराने खरा व्याप, म्हणजे प्राणी प्रत्यक्षात किती भागात आहे, हे अंदाजता येते. मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत आता जगभर वापरली जाते. ती वापरायची असेल तर फेऱ्यांच्या काळात चौकटीची स्थिती बदलू नये, ही अट पाळावी लागते. जानेवारीतली एक फेरी आणि जुलैतली दुसरी फेरी एकाच हिशेबात धरता येत नाही.

आपल्या बेताबद्दल एक सावधगिरी सुचवतो. एकाच वाटेवरचे सलग किलोमीटर या स्वतंत्र फेऱ्या नसतात. लांडगा एकाच वाटेने कोसभर चालतो, त्यामुळे एका किलोमीटरला ठसे मिळाले की पुढच्यालाही ते मिळण्याची शक्यता वाढते. कर्नाटकात वाघांच्या वाटांवरील खुणांसाठी हा परस्परसंबंध हिशेबात घेणारे प्रारूप २०१० मध्ये मांडले गेले, ते पाहावे. चौकटीचा आकार प्राण्याच्या वावरक्षेत्रावरून ठरवणे योग्य. लांडग्यांचा कळप शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या भागात फिरू शकतो, तर खोकडाचे जोडपे मोजक्या चौरस किलोमीटरांत राहते. दोघांना एकच चौकट लावली, तर एकासाठी ती फार लहान तरी होईल किंवा दुसऱ्यासाठी फार मोठी तरी.

निवृत्त वनकर्मी

माळवाट यांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, मात्र जुन्या पद्धतींना सरसकट बाद ठरवू नये असे मला वाटते. मी नोकरीत असताना उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची प्रगणना होत असे. त्या रात्री एकूण किती प्राणी मोजले या आकड्याला मीही प्रमाण मानत नाही, कारण एकच सांबर दोन पाणवठ्यांवर येऊ शकते आणि एकाच पाणवठ्यावर दोनदाही येऊ शकते. तरीही तेच पाणवठे, तीच पौर्णिमा आणि तीच वेळ वर्षानुवर्षे राहिली, तर कोणत्या भागात अस्वल येते आणि कोणत्या भागात ते येईनासे झाले, याचा अंदाज त्यातून येत असे.

वाघांच्या बाबतीत काय झाले ते सर्वांना माहीत आहे. ठशांच्या काच-नकलांवर आधारलेली मोजणी अनेक दशके चालली. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नसल्याचे उघड झाल्यावर ती पद्धत मोडीत निघाली आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या साहाय्याने खुणांचे सर्वेक्षण, अधिवासाची माहिती आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) यांची सांगड घालणारी पद्धत आली. २००२ च्या सुमाराचा ३,६४२ हा आकडा आणि २००६ च्या मोजणीतला १,४११ हा आकडा शेजारी शेजारी ठेवून 'चार वर्षांत निम्म्याहून अधिक वाघ गेले' असे अनेक ठिकाणी लिहिले गेले. पद्धतच बदललेली असताना अशी वजाबाकी करता येत नाही. २००६ पासूनचे आकडे मात्र बऱ्याच अंशी एकमेकांशी ताडून पाहता येतात: २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६ आणि २०१८ मध्ये २,९६७. त्यातही दरवेळी पाहणीखाली आलेले क्षेत्र वाढत गेले, हे लक्षात ठेवावे लागते.

माळवाट

वनकर्मी काका, पाणवठ्यांबद्दल एक शंका विचारतो. ज्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी पाऊस होतो, त्या वर्षी रानात जागोजागी पाणी असते आणि प्राणी ठरलेल्या पाणवठ्यावर येतच नाहीत. मग त्या वर्षीची घट ही प्राण्यांची घट म्हणून वाचली जाण्याचा धोका नाही का?

निवृत्त वनकर्मी

धोका आहेच, आणि म्हणूनच प्रगणनेच्या वहीत आधीच्या पंधरवड्यातला पाऊस आणि आसपासच्या इतर पाणवठ्यांची स्थिती लिहावी असा माझा आग्रह असे. संदर्भाविना आकडा लिहिला तर पुढच्या माणसाला तो वाचता येत नाही. आता या रात्रीला अनेक ठिकाणी 'निसर्गानुभव' म्हणतात आणि लोकांना रानाची ओळख व्हावी हा तिचा मुख्य हेतू मानतात, ते मला योग्य वाटते.

मेंढवाडा

माळरानावर सर्वेक्षण करायचे आणि मेंढपाळांशी बोलायचे नाही, असे होता कामा नये. धनगर वाड्यावर रात्रभर जागणाऱ्या माणसाला लांडगा कोणत्या महिन्यात कोणत्या माळावरून येतो, पिल्ले कोणत्या बाजूला असतात, याची जी माहिती असते ती कोणत्याही कॅमेऱ्याला मिळणार नाही. फक्त विचारण्याची रीत सांभाळावी लागते.

'इथे लांडगे आहेत का?' असा प्रश्न विचारला की उत्तर बहुधा 'आहेत' असेच येते, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचे आहे हे समोरच्याला कळते. त्याऐवजी प्रथम गेल्या वर्षभरात कोणकोणते प्राणी दिसले ते मोकळेपणाने सांगू द्यावे. मग छायाचित्रे दाखवावीत आणि त्यांत त्या भागात नसणाऱ्या एखाद्या प्राण्याचे चित्रही ठेवावे. त्यालाही कोणी 'हा दिसतो' म्हणाले, तर त्या मुलाखतीतल्या इतर उत्तरांचे वजन कमी धरावे. कोल्हा आणि खोकड यांची नावे अनेक गावांत एकमेकांसाठी वापरली जातात, म्हणून नावावर न थांबता शेपटीच्या टोकाचा रंग विचारावा. खोकडाच्या शेपटीचे टोक काळे असते आणि अंगही कोल्ह्यापेक्षा बरेच लहान असते.

नुकसानभरपाईचा विषयही स्पष्टपणे सांगून टाकावा. आपण सर्वेक्षणासाठी आलो आहोत, पंचनाम्यासाठी नाही, हे सुरुवातीलाच सांगितले तर मेंढ्या कोणी मारल्या या प्रश्नाची उत्तरे बरीच खरी मिळतात. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या मेंढ्या लांडग्याच्या नावावर जातात, ही माळावरची जुनी अडचण आहे. कुत्रा आणि लांडगा यांचे ठसे एकट्या ठशावरून वेगळे करणे फार अवघड असते, म्हणून ठशांची संपूर्ण रांग, तिचा सरळपणा आणि आसपासची वस्ती यांची नोंद करावी, आणि शंका असेल तेथे 'कुत्रा किंवा लांडगा' असाच शेरा लिहावा.

रानवेली

मेंढवाडा यांनी विष्ठेबद्दल लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालते. तरसाची विष्ठा वाळल्यावर पांढरीफटक होते, कारण तो हाडे खातो. त्याची एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकण्याची सवयही उपयोगी पडते. खोकडाच्या विष्ठेत बोरांच्या बिया आणि किड्यांची कवचे मोठ्या प्रमाणात मिळतात. पावसाळ्यात शेणकिडे आणि पाऊस मिळून विष्ठा काही दिवसांतच नाहीशी करतात, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये 'विष्ठा आढळली नाही' ही नोंद आणि फेब्रुवारीतली तीच नोंद सारखी नाही. मृदू, ओलसर मातीचा रस्ता आणि मुरमाड रस्ता यांवरही ठसे उमटण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तक्त्यात जमिनीचा प्रकार हा रकाना असलाच पाहिजे.

ऊस आणि बिबट्या

धाग्यात 'अधिवास' हा शब्द वारंवार आला आहे, म्हणून एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. आपण आधीच अधिवासाची व्याख्या ठरवून फक्त तेथेच शोधले, तर निकाल आपल्याच गृहीतकाची पुष्टी करतो. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) अकोले परिसरात शेती आणि वस्तीच्या प्रदेशात कॅमेरा ट्रॅप लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच प्रौढ तरस असल्याचा अंदाज निघाला, आणि हा भाग दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेला होता. जंगलाची सीमा पाहून तेथे कोणी कॅमेरा लावलाच नसता, तर तेथील नकाशा कोराच राहिला असता आणि ती कोरी जागा 'बिबट्या नाही' अशी वाचली गेली असती.

म्हणून चौकटी निवडताना वन विभागाची जमीन, गायरान, खासगी पडीक, ऊस, कोरडवाहू ज्वारी, फळबागा असे गट करून प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकाव्यात. माळरानाच्या तालुक्यात उसाच्या चौकटी निवडणे विचित्र वाटेल, पण पाट आला आणि ऊस आला की वाघाटी (एक लहान रानटी मांजर) आणि रानमांजर यांनी शेताचा आसरा घेतलेला आपण सगळ्यांनीच ऐकले आहे.

गवत

अधिवासाच्या मोजणीबद्दल विचारले आहे, त्यावर लिहिते, कारण माझ्या मते सर्वेक्षणांतील हाच भाग सर्वांत कच्चा असतो. प्राण्याची नोंद करताना अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिले जातात आणि अधिवासापुढे 'गवताळ' एवढा एकच शब्द असतो.

दख्खनच्या माळांवरची गवते एकसारखी नाहीत. कुसळी गवत, पवन्या आणि मारवेल यांची उंची, टिकण्याचा काळ आणि गुरांना असलेली त्यांची आवड वेगवेगळी असते. धाविक पक्ष्याला आखूड, चरलेला, खडे दिसणारा माळ लागतो; तणमोराला विणीच्या काळात उंच गवत लागते; चिंकाऱ्याला अधूनमधून झुडपे असलेली मोकळी, उंचसखल जमीन चालते. चराई थोडी झाली तर काही जातींना ती पोषक ठरते आणि फार झाली तर सर्वांनाच मारक ठरते. म्हणून माझी विनंती आहे की प्रत्येक किलोमीटरला निदान एका ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचा चौरस टाकून गवताची उंची, उघड्या जमिनीचे प्रमाण, मुख्य दोन-तीन गवते, शेणाचे व लेंड्यांचे प्रमाण आणि जळाल्याच्या खुणा लिहाव्यात. त्याला काही मिनिटे लागतात आणि पुढे दहा वर्षांनी कोणी त्याच जागी आले तर तुलना करता येते.

उपग्रहचित्रे फार उपयोगी आहेत. लँडसॅटची चित्रे १९७२ पासूनची मिळतात आणि सेंटिनेल-२ ची चित्रे दहा मीटरपर्यंतचे तपशील दाखवतात. परंतु एप्रिलमध्ये वाळलेले माळरान आणि नांगरून ठेवलेली किंवा पडीक टाकलेली शेती यांचा फरक चित्रावरून ओळखणे कठीण जाते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळांचा मोठा भाग 'पडीक' म्हणूनच येतो, आणि पडीक म्हटले की तेथे वृक्षलागवड, सौरप्रकल्प किंवा वसाहती सुचवल्या जातात. माळावर गिरिपुष्पाची दाट लागवड झाली की हिरवाई वाढल्याचे चित्र दिसते आणि माळटिटवी, चंडोल, धाविक यांची जागा संपते. हे थांबवण्यासाठी आपल्या हातात सर्वेक्षणाच्या नोंदींशिवाय दुसरे काही नाही, असे मला मनापासून वाटते.

माळढोकचा दाखला समोर आहेच. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याचे क्षेत्र कागदावर सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते आणि त्यात शेते, गावे, रस्ते, मोठ्या वस्त्या असे सर्व काही आले होते. पुढे ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. पक्षी नेमका कोणत्या माळाचा, कोणत्या ऋतूत, किती वापर करतो याच्या तपशीलवार नोंदी सुरुवातीपासून असत्या, तर सीमा आखताना गावकऱ्यांचा रोष आणि पक्ष्याची गरज यांचा मेळ घालणे सोपे गेले असते. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ उरलेला नाही.

पहाटनोंद

पक्षी पाहणाऱ्यांच्या बाजूने एक चांगली गोष्ट सांगतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना 'दिसलेल्या व ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची नोंद केली आहे का?' असा प्रश्न असतो. उत्तर 'होय' दिले की ती यादी पूर्ण मानली जाते, आणि मग तिच्यात ज्या पक्ष्याचे नाव नाही त्याच्या न दिसण्यालाही अर्थ येतो. वेळ आणि अंतरही सोबत असते. २०२० आणि २०२३ मधल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालांना अशाच याद्यांचा आधार होता.

अडचण एवढीच की आपण सगळे त्याच त्या तलावांवर आणि डांबरी रस्त्यांच्या कडेने जातो. केरळात २०१५ ते २०२० या काळात स्वयंसेवकांनी संपूर्ण राज्याचा पक्षी-नकाशासंग्रह केला. चौकटी आधीच ठरवून, वर्षातून दोनदा, कोरड्या आणि ओल्या ऋतूंत, सारख्याच वेळेच्या याद्या केल्या. म्हणून तेथे सामान्य वाटणाऱ्या पक्ष्यांचाही खरा आढळ कळला. महाराष्ट्राचा विस्तार फार मोठा आहे, पण एकेका जिल्ह्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

सड्यावरून

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर लहान प्राण्यांचे काम करणाऱ्यांना वरील बहुतेक पद्धती जशाच्या तशा वापरता येत नाहीत. येथे ऋतू म्हणजे सर्वस्व आहे. मे महिन्यात करपलेला दिसणारा कातळ पहिल्या पावसानंतर काही दिवसांत बेडकांच्या आवाजाने भरतो, आणि विणीचा तो छोटा काळ हुकला की वर्षभर थांबावे लागते. बेडकांसाठी ठरावीक मिनिटे उभे राहून आवाज ऐकणे, आणि पाली व विंचवांसाठी रात्री ठरावीक वेळ विजेरीने शोधणे, हाच येथे प्रयत्नाचा माप असतो. दगड उलटून पाहायचे असतील तर किती दगड उलटले ते लिहावे आणि प्रत्येक दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवावा. दगडाखालचा ओलावा एकदा गेला की तेथे राहणाऱ्या जिवांना ती जागा निरुपयोगी होते. एका डबक्यातून दुसऱ्या डबक्याकडे जाताना बूट आणि जाळी धुऊन व वाळवून घेणे, बेडकांच्या रोगांमुळे, आवश्यक आहे.

नवा वाचक

अशा सर्वेक्षणासाठी परवानगी लागते का? आणि सापडलेली पिसे, साळिंदराचे काटे घरी आणून ठेवली तर चालतात का?

निवृत्त वनकर्मी

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आत जाऊन अभ्यास करण्यासाठी आगाऊ परवानगी घ्यावीच लागते. इतर वनजमिनीवरही स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवून परवानगी घ्यावी, आणि खासगी जमिनीवर मालकाला विचारावे. प्राणी पकडणे, हाताळणे, बिळात कॅमेरा घालणे हे परवानगीशिवाय अजिबात करू नये. काटे, शिंगे, नखे, कवट्या यांचे मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वस्तू जागेवरच सोडावी. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. आपल्या सर्वेक्षणाची एक प्रत त्या गावच्या समितीला मराठीत द्यावी, कारण ती माहिती मुळात त्यांच्या रानाची आहे.

भीमाकाठ

शेकरूच्या घरट्यांबद्दल कोणी लिहिले नाही. भीमाशंकरसारख्या रानात घरटी मोजून शेकरूंचा अंदाज केला जातो, परंतु एक शेकरू अनेक घरटी बांधते आणि त्यांतली काही वापरात नसतात. म्हणून 'नवी, हिरव्या पानांची' आणि 'जुनी, विस्कटलेली' असे दोन रकाने ठेवावेत, आणि घरट्यांच्या संख्येला प्राण्यांची संख्या म्हणू नये. झाडाची जात आणि शेजारच्या झाडांशी फांद्या जुळतात की नाही, हे लिहिले तर अधिवास तुटल्याचे लवकर कळते.

मेंढवाडा

ठिकाणांच्या गोपनीयतेबद्दल सर्वांनी एकमताने ठरवावे असे वाटते. लांडग्याची पिल्ले असलेली गुहा, खवले मांजराचे बीळ, रानपिंगळ्याची ढोली यांचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये. गटाच्या मूळ वहीत अचूक स्थान असावे, पण प्रसिद्ध होणाऱ्या नकाशावर मोठी चौकटच दाखवावी. छायाचित्रातील स्थानाची माहितीही प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावी.

माळवाट

सर्वांचे आभार. चर्चेतून आमच्या बेतात पुढील बदल करत आहोत. लांडगा व तरस यांच्यासाठी मोठ्या चौकटी आणि त्यांच्या आत खोकडासाठी लहान चौकटी, अशी दोन पातळ्यांची रचना ठेवू. फेऱ्या डिसेंबर ते मार्च या काळातच, निदान चार, आणि शक्यतो वेगवेगळ्या निरीक्षकांकडून होतील. उसाच्या व बागायती चौकटी वगळणार नाही. गवताच्या चौरसाचा रकाना तक्त्यात घेतला आहे, आणि जमिनीचा प्रकार व मागचा पाऊस हेही. मेंढपाळांच्या मुलाखती स्वतंत्र वहीत राहतील. पायी सर्वेक्षणाच्या नोंदींत त्या मिसळणार नाही, कारण दोन्हींच्या चुका वेगळ्या प्रकारच्या असतात. 'कुत्रा किंवा लांडगा' हा शेरा अहवालातही तसाच जाईल.

एक प्रश्न उरतो. रस्त्यावर वाहनाखाली मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी आढळाच्या नकाशात घ्याव्यात का?

संख्याविचार

घ्याव्यात, पण वेगळ्या चिन्हाने दाखवाव्यात. मेलेला प्राणी त्या भागात होता याचा तो पक्का पुरावा आहे, त्यामुळे प्रजातीच्या यादीसाठी आणि धोक्याची जागा ओळखण्यासाठी तो अमूल्य आहे. व्यापाच्या हिशेबात मात्र तो धरता येणार नाही, कारण तेथे कोणी ठरवून, ठरावीक अंतर शोधलेले नसते, आणि रस्त्यावरच माणसांची ये-जा जास्त असते. तेच रस्ते ठरावीक दिवशी, ठरावीक वेगाने तपासले, तर ते वेगळे सर्वेक्षण होऊ शकते.

तक्त्यात आणखी एक रकाना जोडावा ही विनंती: फेरी अर्धवट थांबली असल्यास तिचे कारण. पाऊस आला, वाट काट्यांनी बंद होती, शेतमालकाने अडवले किंवा अंधार पडला, असे काहीही असेल. अशा फेरीचे अंतर प्रत्यक्ष चालले तेवढेच लिहावे. ठरलेले पूर्ण अंतर लिहून 'काही आढळले नाही' असा शेरा मारला, तर न चाललेल्या वाटेवरही शोध घेतल्याची खोटी नोंद होते.